मशीनवाल्यांचा आकाशी शर्ट

आमच्या मावशीच्या गळ्यात टेप असते, पण ती शोभेची. तिने कुणाचं माप टेपने घेतलेलं मी तोवर कधी पाहिलं नव्हतं. गिऱ्हाईक दुकानाच्या दारात येतं, मावशी चष्म्याच्या वरून एकदा बघते, आणि झालं. खांदा, बाही, घेर, सगळं तिच्या डोक्यात जाऊन बसतं. एखादी नवी बाई हात पसरून उभी राहिली की मावशी म्हणते, "हात खाली घ्या, उडायचंय का कुठे?" ती बिचारी मनात शंका घेऊन जाते आणि पुढच्या आठवड्यात नवा ड्रेस घालून आमच्या आरशासमोर गप्प उभी राहते.

ही नजर दुकानापुरती राहिली असती तर ठीक होतं. ती बाजारात चालते, लग्नात चालते आणि दवाखान्यातही चालते. मला एकदा सडकून ताप आला होता. डॉक्टर माझी छाती तपासत होते, आणि मावशी त्यांना म्हणाली, "डॉक्टर, तुमचा उजवा खांदा थोडा उतरलाय, म्हणून कोट असा लोंबतो. पाठवून द्या, करून देते." डॉक्टर मला तशीच सोडून आरशाकडे गेले. पुढे तो कोट आला, नीट झाला, परत गेला, तरी माझा खोकला चालूच होता.

मी तिच्या बहिणीची मुलगी. आई गेली तेव्हा मी इतकी लहान होते की आईची आठवण म्हणून माझ्याकडे फक्त एक आवाज आहे, आणि तोही बहुतेक मावशीचाच असावा. मावशीने मला वाढवलं, शाळेत घातलं, आणि शाळेत मी जे दिवे लावले ते बघून काज-बटणाला बसवलं. आता बटणाच्या बाबतीत मी कुणाचं ऐकून घेत नाही. मी लावलेलं बटण निघत नाही. कापड फाटेल, बटण हलणार नाही. हे आत्ताच सांगून ठेवते, कारण पुढे परक्या गावात, परक्या लोकांसमोर माझी अब्रू जायची वेळ आली होती.

तर मशीनवाले. आमच्या शिलाई मशिनींना तेल घालायला, पट्टा बदलायला येणारे गृहस्थ. डोक्यावर केस मोजके, हातात हत्यारांचा डबा, गल्लीच्या टोकाला असले तरी ऐकू येणारी शीळ. आमच्या दुकानाची पायरी चढली की शीळ बंद व्हायची आणि हा माणूस पोलीस भरतीला आल्यासारखा ताठ व्हायचा. बोलणं एका शब्दात. काम असं फटाफट की मी दोऱ्याची रीळ बदलेपर्यंत यांचा डबा बंद. चहा विचारला की मानेनेच नको म्हणायचे आणि पसार व्हायचे. आणि पुढच्या आठवड्यात परत हजर. जगात कुठल्याही मशीनला इतकं तेल लागत नाही.

पलीकडच्या गल्लीत उशांच्या खोळी शिवणारी एक बाई आहे. ती कुरकुरायची, "आमच्याकडे येतात ते दुपारभर ठाण मांडतात, दोनदा चहा पितात, गप्पा मारतात. तुमच्याकडेच कसली एवढी घाई?" मी म्हणायचे, आमच्या मशिनी गुणी आहेत. एकदा मात्र मी त्यांना आमच्याकडून निघाल्यावर कोपऱ्यावर दिव्याच्या खांबाला धरून धापा टाकताना पाहिलं. दमा असणार, असं मी धरून चालले. या वयात हा त्रास, बरोबर कुणी माणूस नाही, मला वाईट वाटलं.

मग एके दिवशी मशीनचं डोकं उलटं करून, त्यातच बघत ते म्हणाले, "बाई, मी रोज आलो तर चालेल का?"

मावशी म्हणाली, "रोज तेल घातलंत तर कपड्यांना डाग पडतील."

"तेलासाठी नाही."

मी सुई बोटात घालून घेतली आणि ओरडलेसुद्धा नाही. मावशीने हातातलं कापड उलटं केलं, सुलटं केलं, पुन्हा उलटं केलं. तिच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. मग ती म्हणाली, "जुनी राजधानी बघायची राहिलीय माझी. ती बघून येऊ आपण तिघं. परत येताना सांगते."

आमच्या बटणांचा एक पत्र्याचा डबा आहे. त्याच्या झाकणावर जुन्या राजधानीचा दरवाजा आहे, वर दोन सिंह आणि खाली खाण्याच्या हातगाड्या. मावशी लहानपणापासून तो डबा उघडत आलेली. झाकणावरचे सिंह आता बोटांनी पुसून मांजरं झालीत. तिने राजवाड्याबद्दल फारसं कधी विचारलं नाही. तिला त्या हातगाड्यांवर काय मिळतं ते बघायचं होतं.

आणि तिला आणखी एक गोष्ट बघायची होती. आमचे आजोबा, म्हणजे मावशीचे वडील, ताट सरकवायचे. आजी दिवसभर राबून जेवण वाढायची, आजोबा एक घास घ्यायचे, काही न बोलता ताट बोटभर पुढे सरकवायचे आणि उठायचे. शिव्या नाहीत, मारहाण नाही. नुसतं बोटाने ताट सरकवणं. आजी आयुष्यभर त्या बोटाकडे बघत राहिली आणि तशीच गेली. मावशीला चांगली स्थळं आली होती, पण प्रत्येक वेळी ती पाहुण्यांच्या बोटांकडे बघायची. "जो ताट सरकवतो तो एक दिवस माणूसही सरकवतो," असं तिने मला निघायच्या आधी बॅग भरताना सांगितलं. "जेवताना माणूस कळतो. दोन दिवस त्यांना खाताना बघते. पटलं तर हो. नाही पटलं तर तेलाला दुसरा माणूस शोधू."

"आणि तुला काय वाटतंय?"

"मला काय वाटायचंय? बॅगेची चेन लागत नाहीये, बस तिच्यावर."

मी बॅगेवर बसले. मावशी आतून गुणगुणत होती. वर्षानुवर्षं दुसऱ्यांचे कपडे शिवणारी ही बाई, स्वतःसाठी फिक्यापलीकडे रंग न निवडलेली, त्या दिवशी जांभळा झगझगीत दुपट्टा घेऊन आरशासमोर तीनदा फिरली. मला हसू आवरेना. मी हसले म्हणून तिने मला उशी फेकून मारली.

निघायच्या दिवशी बसस्थानकावर मशीनवाले आले, तेव्हा मावशीने पिशवीतून आकाशी रंगाचा शर्ट काढून त्यांच्या हातात ठेवला. "शिवलाय. घालून बघा."

मशीनवाल्यांनी शर्टाकडे बघितलं, मावशीकडे बघितलं, आणि पुन्हा शर्टाकडे. "माप?"

"मला माप लागत नाही," मावशी म्हणाली. अभिमानाने म्हणाली, आणि का म्हणू नये? आमच्या दुकानात ते किती वेळा समोर उभे राहिले होते. तिच्या नजरेने त्यांचा एकेक इंच पाठ केला असणार. काजं मी केली होती आणि शिंपल्याची बटणं मीच लावली होती, दुहेरी दोऱ्याने.

ते स्थानकाच्या मुतारीकडे जाऊन शर्ट बदलून आले. काय दिसत होते म्हणून सांगू. खांद्यावर सुरकुती नाही, कॉलर मानेला बेताची, पोट सपाट, छाती पुढे. तिकीट खिडकीतल्या माणसानेही मान वर करून पाहिलं. मावशी खुशीत आली. फक्त मशीनवाले काहीच बोलेनात. बसमध्येही सबंध वाट ते पाठ टेकवून ताठ बसले होते. मावशीने खिडकीतून काही दाखवलं की "हं" म्हणायचे.

"लाजतायत," मावशी माझ्या कानात म्हणाली आणि शाळकरी मुलीसारखी खिदळली.

जुनी राजधानी म्हणजे नेमकं काय ते मला तिथे उतरल्यावर कळलं. जिथे बघावं तिथे भिंत, आणि भिंतीच्या सावलीत कुणीतरी काहीतरी तळतंय. राजे गेले, सैन्य गेलं, कढया राहिल्या. दरवाजाखाली आम्ही उभे राहिलो तर वर खरंच दोन सिंह होते. मावशी त्यांच्याकडे मान वर करून बघत म्हणाली, "आपल्या डब्यावर होते त्यापेक्षा वाळलेत." आणि पुढच्या क्षणी तिने माझा हात सोडला आणि पहिल्या हातगाडीकडे गेली.

त्या दुपारी मावशीने जे खाल्लं त्याला माझ्याकडे शब्द नाहीत. निखाऱ्यावरची कणसं, वर लोणी आणि तिखट. सळईला लावून भाजलेलं मांस, ते पावात घालून. तळलेले छोटे मासे, डोक्यासकट. एका म्हाताऱ्याकडे मोठ्या पातेल्यात काहीतरी रटरटत होतं, त्याने वाटीभर रस्सा दिला, तो पिऊन मावशी भिंतीला टेकून डोळे मिटून उभी राहिली. मला वाटलं चक्कर आली. ती डोळे न उघडता म्हणाली, "थांब, आत्ता बोलू नकोस." तिच्या हनुवटीला लोणी लागलं होतं, दुपट्ट्यावर तिखटाचा डाग पडला होता, आणि डाग या विषयावर आयुष्यभर लोकांना ऐकवत आलेल्या बाईला त्याचं काही नव्हतं. मी तिला इतकं आनंदात कधी पाहिलं नव्हतं. माझंही डोकं हलकं झालं होतं. आम्ही दोघी कशालाही हसत होतो. एक कोंबडी आमच्यापुढून चालत गेली तर तिलाही हसलो.

आणि मशीनवाले? कणीस पुढे केलं तर चार दाणे सोडवून तोंडात टाकले. मासे पुढे केले तर, "नको." रस्सा पुढे केला तर वाटी नाकापाशी नेली, तशीच धरून ठेवली, आणि परत दिली. "छान आहे," म्हणाले. न पिता कसं कळलं छान आहे ते? बसायला बाक मिळालं तर बसेनात, "मी उभाच बरा." पायऱ्या आल्या की एकेक पायरी जपून. कपाळावर घाम. बोलणं "हं" आणि "छान" एवढंच.

मला असा राग आला. अरे, माणूस वर्षभर आमच्या मशिनी तेलात बुडवतो, रोज येऊ का म्हणून विचारतो, आणि बाई हाताने घास पुढे करते तर नखरे? दम्याचं पथ्य असेल तर तसं सांगावं, तोंड आहे ना? मी मावशीकडे पाहिलं. ती अजून हसत होती, पण प्रत्येक नकारागणिक तिचं हसणं एकेक टाका उसवत चाललं होतं. शेवटच्या गाडीवर तिने दोघींपुरतंच घेतलं.

संध्याकाळी लॉजच्या खोलीत मावशी पलंगावर पाय चोळत बसली. खिडकीखालून काहीतरी भाजल्याचा वास येत होता आणि कुणीतरी तबला का काय बडवत होतं. आम्ही खाली जाऊन अजून खाऊ शकलो असतो. ती उठेना.

"बोट बघितलंस त्यांचं?" ती म्हणाली.

"अजून ताट सरकवलेलं नाही."

"सरकवायला आधी ताट घ्यावं लागतं. हे तर घेतही नाहीत." मग खूप वेळ पाय चोळून झाल्यावर म्हणाली, "मला आवडतात गं ते. तोच तर घोळ आहे. आवडले नसते तर मी सकाळी बसमध्येच नाही म्हणून मोकळी झाले असते."

मी तिच्या दुपट्ट्यावरचा डाग साबणाने धुवायला घेतला. तो निघाला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मशीनवाले खाली उभे, अंगात तोच आकाशी शर्ट, धुऊन वाळवलेला. मला वाटलं दुसरा शर्ट आणला नाही की काय. पण त्यांच्या पिशवीतून एक चौकड्यांचा शर्ट डोकावत होता, तो चांगला धुतलेला होता. मी मनात म्हटलं, हा एक विचित्र माणूस आहे.

राजवाड्याच्या दारापाशी एक बाई गोल पुऱ्या तळून गरम मधात बुडवत होती. मावशीने एक कागदी द्रोण घेतला आणि सरळ मशीनवाल्यांसमोर जाऊन उभी राहिली. तिने स्वतःच्या हाताने एक पुरी त्यांच्यापुढे धरली. मी तिला ओळखते, हे शेवटचं होतं. ते तिच्याकडे बघत राहिले, मग पुरीकडे, आणि मग त्यांनी ती खाल्ली.

खाल्ली म्हणजे काय, डोळे मिटून खाल्ली. मग दुसरी खाल्ली. मग तिसरी, न विचारता, स्वतः द्रोणात हात घालून. मध मनगटावरून ओघळला तो त्यांनी चाटला. मावशीचा चेहरा असा उजळला की त्या पुऱ्या तळणाऱ्या बाईनेही हात थांबवला. माझ्या डोक्यात लग्नाच्या कपड्यांचे रंग ठरायला लागले. आणि चौथी पुरी हातात असताना मशीनवाले थांबले. चेहरा लालबुंद. पुरी त्यांनी द्रोणात परत ठेवली आणि एका बोटाने द्रोण हळूच पुढे सरकवला.

मावशी त्या बोटाकडे बघत राहिली. मग तिने द्रोण माझ्या हातात दिला, चष्मा पुसला आणि म्हणाली, "चला, राजवाडा बघून घेऊ. पैसे भरलेत."

आत गेल्यावर ती खूप बोलत होती, आणि तेच वाईट होतं. राजांचे दगडी पुतळे होते, रांगेने. "ह्याला बाही कमी पडलीय. हा पोटात बसलाय, याला पट्टा देऊन शिवायला हवं होतं. ह्या राणीचा शिंपी चोर, घेरातलं कापड खाल्लंय त्याने." आमच्या मागे पर्यटकांचा एक घोळका होता, ते सगळे हसत आमच्याबरोबर चालू लागले. त्यांचा गाईड, हातात मिटलेली छत्री घेतलेला बारीक माणूस, आधी चिडला आणि मग स्वतःच विचारू लागला, "आणि हा, बाई? हा पराक्रमी होता." मावशी म्हणाली, "असेल. पण काखेत घट्ट झालंय." मशीनवाले सगळ्यात मागे, भिंतीच्या आधाराने.

शेवटचं दालन दरबाराचं. गोल, प्रचंड, वर घुमट, मध्ये काही नाही. गाईडने सगळ्यांना एका बाजूच्या भिंतीशी उभं केलं आणि सांगितलं की राजा या भिंतीपाशी बसायचा, आणि पलीकडच्या भिंतीशी कुणी कुजबुजलं तरी त्याला इथे ऐकू यायचं, आवाज भिंतीच्या कडेने फिरत येतो म्हणून. "कुणीतरी एकजण पलीकडे जाऊन कागद फाडा."

"मी जातो," मशीनवाले म्हणाले. दोन दिवसांत ते आपणहून पहिल्यांदाच बोलले. आमच्यापासून दूर जायची एवढी घाई, मी मनात म्हटलं, जा बाबा, तिथेच राहा. ते दालन ओलांडून पलीकडे गेले, बोटाएवढे दिसायला लागले. मावशीने पिशव्या पायाशी ठेवल्या आणि भिंतीला खांदा लावून उभी राहिली. तिच्याकडे बघवत नव्हतं.

"आता सगळ्यांनी श्वास रोखा," गाईड म्हणाला. सगळ्यांनी रोखला. कुठे एक पाऊल वाजेना.

टप्प.

आणि मग टण, टण, टणणण, दगडावरून काहीतरी घरंगळत गेलं, आणि तो आवाज भिंतीच्या कडेकडेने फिरत थेट आमच्या कानात आला. "ऐकलंत? कागद," गाईड खुशीत म्हणाला.

कागद कसला डोंबलाचा. आयुष्य बटणांत गेलंय माझं. तो शिंपल्याचा आवाज होता, माझ्या बटणाचा. मी धावत सुटले. दालन ओलांडताना माझ्या मनात ना मावशी होती ना मशीनवाले, माझ्या मनात दुहेरी दोरा होता. पलीकडे मशीनवाले भिंतीकडे तोंड करून, दोन्ही हात भिंतीवर टेकून मोठमोठ्याने श्वास घेत होते. बटण भिंतीच्या बुडाशी मिळालं. उचलून पाहिलं तर दोरा शाबूत, आणि खाली आकाशी कापडाचा तुकडा चिकटलेला. कापड फाटलं होतं, बटण सुटलं नव्हतं. माझा जीव भांड्यात पडला.

मग मी त्यांच्याकडे बघितलं. "काका, दमा आहे ना तुम्हाला? आधी सांगायचं होतंत."

"दमा नाही गं," ते हळू आवाजात म्हणाले आणि माझ्याकडे वळले. आणि मला दिसलं. फाटलेल्या शर्टातून, गोल, गुबगुबीत, ऐसपैस असं एक पोट बाहेर आलं होतं, जे मी उभ्या आयुष्यात कधी पाहिलं नव्हतं. "पोट आहे."

"पण दुकानात तर…"

"तुमच्या दुकानात पहिल्यांदा आलो, तुझ्या मावशीने चष्म्यावरून असं बघितलं, आणि पोट आपोआप आत गेलं. मग काय, एकदा आत घेतलेलं बाहेर कसं सोडायचं? बाईंना ते पोटच खरं वाटायला लागलं. मग दर वेळी पायरीवर आत घ्यायचो आणि दम सुटायच्या आत काम उरकायचो. कोपऱ्यावर जाऊन सोडायचो."

मला हसावं की रडावं कळेना. "आणि हा शर्ट?"

"शर्ट बरोब्बर आहे. तिला दिसलं तेच तिने शिवलं. खोटं माझं पोट बोललं."

"अहो मग काढायचा. पिशवीत दुसरा आहे तुमच्या."

"काढायचा?" त्यांनी फाटलेल्या जागेवर हात ठेवला. "सगळा जन्म मी शिवणाऱ्यांच्या मशिनी दुरुस्त केल्या. माझ्यासाठी कुणी काही शिवलं नव्हतं. काढवेना." मग भिंतीला डोकं टेकून म्हणाले, "काल तो रस्सा. ती वाटी पुढे करत होती आणि वास असा येत होता की मला रडू फुटेल असं वाटलं. मला सगळं खायचं होतं गं. तिच्याबरोबर बसून, सगळं. बसलो असतो तर तिथेच फाटला असता." त्यांनी डोळे पुसले. "तिला सांगू नकोस हं. तिची नजर चुकत नाही असं सगळं गाव म्हणतं. माझ्या पोटापायी ते मोडायला नको. परत जाताना ती नाहीच म्हणणार आहे, म्हणू दे."

तेवढ्यात भिंतीतून एका अनोळखी बाईचा आवाज आला, अगदी माझ्या कानाशी, "अगं बाई, किती गोड."

मशीनवाले दचकून भिंतीकडे बघायला लागले. मी पलीकडे पाहिलं. सगळा घोळका भिंतीला कान लावून ओळीने उभा होता, गाईडसुद्धा. फक्त मावशी त्यात नव्हती. ती दालनाच्या मधून आमच्याकडे येत होती, भराभर, जांभळा दुपट्टा एका खांद्यावरून घसरलेला, चालता चालता गळ्यातली टेप काढत.

मशीनवाल्यांनी तिला बघितलं आणि सवयीने पोट आत घेतलं.

मावशी त्यांच्यासमोर उभी राहिली. माझ्याकडे न बघता म्हणाली, "तू जा तिकडे, पिशव्या वाऱ्यावर पडल्यात." मी बटण मुठीत धरून निघाले. मागे वळून पाहायचं नाही असं ठरवलं आणि चार पावलांवर वळून पाहिलं. मशीनवाले हात वर करून उभे होते आणि मावशी टेप त्यांच्या पाठीमागून नेत होती. पाठीमागून टेप न्यायची तर जवळ जावंच लागतं. तिचे हात पुरेनात, म्हणून ती आणखी जवळ गेली.

मी पलीकडे पिशव्यांपाशी पोचले. त्या गोड म्हणणाऱ्या बाईने मला भिंतीशी जागा करून दिली. मी कान लावला. दुसऱ्याचं बोलणं चोरून ऐकू नये हे मला कळतं, पण मावशीला माहीत होतं की इथे ऐकू येतं. आत्ताच तर तिने ऐकलं होतं.

"सोडा श्वास," मावशीचा आवाज आला.

"सोडला."

"हा सोडला? आणखी सोडा. सगळा." मग एक लांबलचक उसासा भिंतीच्या कडेने फिरत आला, वर्षभर कोंडलेला असावा तेवढा, आणि घोळक्यातल्या दोघातिघांनी आपापले श्वास नकळत सोडले.

"हं," मावशी म्हणाली. "हे तुमचं माप. मी चुकले."

"नाही हो, मीच…"

"गप्प बसा. मी बोलतेय." तिचा आवाज ओला झाला होता, पण दुकानात बोलते तसंच बोलत होती. "आधी तो चौकड्यांचा घाला. मग त्या म्हाताऱ्याकडे जाऊन रस्सा प्यायचा, बसून. मी हा शर्ट उसवून मोठा करते. कापड पुरलं नाही तर दुसरा रंग जोडते, दिसला तर दिसू दे." मग ती म्हणाली, "आणि यायचं ते असंच यायचं. श्वास सोडून. रोज."

माझ्या शेजारच्या बाईने मला कोपराने ढोसलं आणि कुजबुजून विचारलं, "रोज म्हणजे काय गं?"

"रोज म्हणजे हो," मी म्हटलं, आणि मला रडूच फुटलं.